खाटेशी जे बोललं गेलं नाही

फोनवर मी तुमच्याकडून सगळं दोनदा वदवून घेते, याचं तुम्हाला हसू येतं. विमान किती वाजता पोचणार, गोळ्या कुठल्या पाठवताय, त्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर. तुम्ही सांगता आणि मी म्हणते, "आता मी काय ऐकलं ते सांगते, चुकलं तर थांबवा." परवा धाकटीने विचारलं, "आजी, तू विमानतळावर नोकरीला होतीस का?"

विमानतळावर नव्हते. रत्नागिरीच्या एका रुग्णालयात बायकांच्या वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते, हे तुम्हाला माहीत आहे. ही सवय तिथली. ती कशी लागली, ते मी तुमच्या आईलाही नीट सांगितलेलं नाही. आता लिहून ठेवते, कारण तोंडाने सांगायला गेले की मी मधला एक भाग गाळते, असं माझ्या लक्षात आलं आहे.

ऐंशीनंतरची ती वर्षं. वॉर्डात चोवीस खाटा होत्या. सकाळी आठ ते दोन, दोन ते आठ आणि मग रात्र, अशा पाळ्या. जाणारी सिस्टर येणारीला पेशंट सोपवते, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणायचो. मी त्या वॉर्डात आले तेव्हा ओव्हर टेबलाशी व्हायचा. कँटीनचा चहा यायचा, दोघी खुर्च्या ओढून बसायच्या आणि दहा मिनिटांत चोवीस खाटा उरकायच्या. "तीन नंबर सकाळपासून रडतेय, नवरा फिरकलेला नाही. सातची सुई बाहेर आलीय, शिरा सापडत नाहीत, तूच बघ. अकराची सासू डोकं उठवते, तिला आधी गोड बोलून घे." मधेच कुणाच्या मुलाचा ताप, कुणाच्या घरचे पाहुणे.

माझं शिक्षण मुंबईत, सगळं इंग्रजीतून, कडक मेट्रनच्या हाताखाली झालेलं. मला हा प्रकार बघवत नसे. रत्नागिरीच्या आमच्या मेट्रनकडे विलायतेहून एक मासिक यायचं. त्यात मी वाचलं की ओव्हर पेशंटच्या खाटेशी उभं राहून द्यावा, ठरलेल्या क्रमाने द्यावा आणि येणारीने तो तिथल्या तिथे परत म्हणून दाखवावा. मला ते इतकं पटलं की त्याच आठवड्यात मी एक कार्ड टाइप केलं. नऊ मुद्दे. ताप, नाडी, सलाईन, औषध, लघवी, रक्तस्राव असे एकाखाली एक. ते पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि सिस्टरना सांगितलं, टेबलाशी बसून गप्पा बंद. जे आहे ते खाटेशी, दर खाटेला दीड मिनिट.

सकाळपाळीला एक सिस्टर होती. बारा वर्षांची नोकरी, रोज अर्ध्या तासावरच्या गावाहून एस.टी.ने यायची, बारा महिने छत्री बरोबर. ती म्हणाली, "बाई, माणसाच्या तोंडावर त्याचं दुखणं कसं बोलायचं?"

"का? दुखणं त्याचंच आहे ना?"

"त्याचं आहे म्हणूनच तर."

दुपारपाळीची सिस्टर सावर्ड्याकडची, नुकती पास झालेली. ती मान खाली घालून हसली. मला वाटलं, ही मला हसतेय. मी दोघींनाही गप्प केलं.

पहिले दोन आठवडे चांगले गेले. खाटेशी उभं राहिल्यामुळे दोनदा सलाईनच्या बाटलीची चूक सापडली. एकदा डॉक्टरांनी बंद केलेलं औषध चालूच असल्याचं लक्षात आलं. मी खूश होते. मेट्रनना हे सगळं मांडून दाखवायचं मी ठरवलं.

तेव्हा भातकापणी होऊन गेली होती आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, गवत कापायचे दिवस होते. त्या दिवसांत फुरसं चावलेली माणसं यायचीच. तुम्ही फुरसं पाहिलेलं नाही. वीतभर-दीड वीत लांब, कातळाच्या रंगाचं जनावर, गवतात दिसतच नाही. ते चावलं की माणूस लगेच मरत नाही. त्याचं रक्त गोठायचं थांबतं. पेशंट उठून बसतो, पेज पितो, बोलतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून, लघवीतून रक्त यायला लागतं. म्हणून अशा पेशंटला नुसतं इंजेक्शन देऊन भागत नाही. दर पाळीने पुढच्या पाळीला सांगावं लागतं, रक्त दिसलं की नाही दिसलं.

लांज्याच्या आतल्या एका गावातून एक मुलगी आली. वय बावीस-तेवीस. नवरा मुंबईला कामाला, सात महिन्यांचं बाळ घरी जावेपाशी ठेवलेलं. गवताचा भारा बांधताना बोटाला चावलं होतं. पहिला दिवस गावातल्या माणसाने दिलेलं मूळ उगाळून लावण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सासू तिला घेऊन आली. आम्ही विषावरची इंजेक्शनं दिली. अशा वेळी काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त गोठलेलं निघालं, तर औषध पुरलं असं समजायचं. संध्याकाळी तिचं रक्त गोठलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बसली. दूध साठून छाती दुखत होती. ती वाटीत दूध पिळून काढायची आणि सासू ते वॉर्डमागच्या झाडाच्या मुळाशी नेऊन ओतायची. गटारात ओतू द्यायची नाही.

त्याच दिवशी मी दुपारी बारा ते दोनला दहा कमी असेपर्यंत मेट्रनच्या खोलीत होते. माझं कार्ड दाखवत होते.

दोन वाजता आम्ही तिघी त्या मुलीच्या खाटेशी आलो. सासू पायथ्याशी बसून सुपारी कातरत होती. आम्ही आल्यावर तिने अडकित्ता बाजूला ठेवला आणि आमच्या तोंडाकडे बघत राहिली. सकाळची सिस्टर म्हणू लागली. ताप नाही. नाडी अमुक. सलाईन संपलं. रक्तस्रावाशी येऊन ती थांबली.

"रक्तस्राव?" मी विचारलं.

तिने मुलीकडे बघितलं, मग सासूकडे. "तसं विशेष नाही."

"विशेष नाही," दुपारच्या सिस्टरने परत म्हटलं.

मी कार्डावर खूण केली.

"बाई, जरा..." सकाळची सिस्टर म्हणाली.

मी घड्याळ बघितलं. "पुढची खाट."

चोविसावी खाट झाल्यावर ती माझ्यामागून टेबलाशी आली. दुपारची सिस्टरही आली. मी म्हटलं, "टेबलाशी काही नाही. जे आहे ते खाटेशी बोलून झालं." हे मी इतर सिस्टर ऐकत असताना बोलले. तिचा चेहरा पडला. पावणेतीनची तिची गाडी होती. तिने छत्री घेतली आणि गेली.

हाच तो मधला भाग, जो मी सांगताना गाळते.

साडेचारला ती परत आली. गावाच्या अलीकडच्या थांब्यावर उतरून, उन्हात उभी राहून उलटी गाडी पकडून आली होती. वॉर्डाच्या दारातूनच तिने मला विचारलं, "बाई, तिची लघवी बघितलीत?"

"कुणाची?"

"लांज्याकडच्या मुलीची. एक वाजता लाल झाली होती. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, तुम्ही मेट्रनकडे. बाटली मी मागे धुण्याच्या खोलीत ठेवलीय झाकून. दोन वाजता सांगणार होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने आवाज चढवला नाही. "सासू समोर बसली होती. पोरीने माझा हात धरून सांगितलेलं, आयेला कळू देऊ नका, ती मला उचलून घरी नेईल, विष उतरवणाऱ्याकडे. गेल्या महिन्यात नऊ नंबरच्या बाईला तसंच नेलं की नाही? परत आली का ती?"

नऊ नंबरची परत आली नव्हती.

आम्ही तिघी खाटेशी गेलो. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशीला ओठाजवळ एक डाग होता, दोन रुपयांच्या नाण्याएवढा. "दोनदा जाऊन आले," ती हळूच म्हणाली. "दोनदा लालच." दुपारच्या सिस्टरने नोंदीचा कागद माझ्यापुढे धरला. ती दर तासाला त्या खाटेशी येऊन नाडी बघून गेली होती, तिची नोंद चोख होती. लघवीचं तिने विचारलंच नव्हतं. विशेष नव्हतं ना.

मी नळीत रक्त घेतलं आणि नळी खिडकीत उभी केली. डॉक्टरांना निरोप धाडला. वीस मिनिटं मी तिथे उभी राहिले. एवढी लांब वीस मिनिटं मी पुढे कधी पाहिली नाहीत, तुमचे आजोबा गेले त्या दिवशीही नाही. सासू येऊन माझ्याशेजारी उभी राहिली.

"काय झालं, बाय?"

"काही नाही, आजी. तपासणी आहे नेहमीची."

हे मी बोलले. नऊ मुद्द्यांचं कार्ड करणारी मी. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की पुढच्या क्षणी मी सकाळच्या सिस्टरकडे बघितलं आणि मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

डॉक्टर धावत आले. विषावरच्या औषधाच्या कपाटात होत्या तेवढ्या सगळ्या बाटल्या तिला दिल्या. सकाळची सिस्टर घरी गेली नाही, खाटेशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे रक्त गोठायला लागलं आणि आम्हाला हायसं वाटलं. पण मग लघवी होईना. दुपारपर्यंत झाली नाही. चेहरा सुजला. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडांनी काम सोडलंय, कोल्हापूरला मोठ्या रुग्णालयात हलवा. मी त्यांना विचारलं, "सर, काल दोन वाजता कळलं असतं तर?" ते चष्मा पुसत राहिले. "ते कुणालाच सांगता येणार नाही. तुम्हीही विचारत बसू नका." मी तेव्हापासून विचारतेच आहे.

मी तिच्याबरोबर गाडीत बसले. इनचार्जने जायची पद्धत नव्हती. मेट्रन म्हणाल्या, कागद पाठवा, पुरे. मी ऐकलं नाही. आंबा घाटात वळणावळणाला तिला ओकारी यायची आणि मी तिचं डोकं धरायचे. एकदा तिने डोळे उघडून सासूला विचारलं, "दूध ओतलंत काय?" सासू म्हणाली, "ओतलं हो, झाडाशीच ओतलं." दूध आदल्या रात्रीपासून येतच नव्हतं. बघा, तीही खोटंच बोलली. आम्ही सगळ्याच एकमेकींना सांभाळून घेत होतो आणि गाडी घाट चढत होती.

कोल्हापूरला पोचेपर्यंत दिवे लागले होते. तिथल्या सिस्टरसमोर चार पेशंट होते. मी कागद पुढे केला.

"ठेवा की तिथं. बघतो आम्ही."

"मी तोंडाने सांगते. तुम्ही परत म्हणून दाखवा."

"शाळा आहे का काय ही?" ती म्हणाली. पण माझ्या तोंडाकडे बघून तिने हातातलं काम ठेवलं.

मी सांगायला लागले. कोणत्या दिवशी चावलं, किती उशिरा आली, किती इंजेक्शनं. मग मला म्हणावं लागलं, "काल दुपारी एक वाजता लघवीत रक्त दिसलं. आम्हाला ते साडेचारला कळलं. औषध पाच वाजता सुरू झालं." हे बोलताना सासू माझ्या डाव्या बाजूला उभी होती, हातात पिशवी घेऊन. तिला हे सगळं तिथे, परक्या गावात, परक्या सिस्टरच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकावं लागलं. कारण त्या सिस्टरने सगळं नीट परत म्हटलं. एकही आकडा चुकला नाही. सासूने पिशवी खाली ठेवली आणि सुनेचे पाय पदराने झाकले.

ती मुलगी तिथे चौथ्या दिवशी गेली. आम्हाला फोनवर कळलं.

मेट्रननी अहवाल मागितला. मी तो इंग्रजीत लिहिला, समास सोडून, स्वच्छ अक्षरात. लिहिलं की सकाळपाळीच्या सिस्टरने महत्त्वाची माहिती ओव्हरच्या वेळी दिली नाही. ते खरं होतं. तिने "बाई, जरा" म्हटलं होतं आणि मी "पुढची खाट" म्हटलं होतं, हे लिहिलं नाही. ती टेबलाशी आली होती आणि मी तिला चारचौघींत परत पाठवलं होतं, हेही लिहिलं नाही. सकाळच्या सिस्टरची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. जाताना ती मला एवढंच म्हणाली, "बाई, टेबलाशी बोलत होतो तेव्हा आम्ही एकमेकींना सगळं सांगायचो हो." मी मान हलवली. अहवालात मी काय गाळलंय, ते तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.

दिवस-कार्य आटोपल्यावर सासू वॉर्डात आली. तिची गोधडी राहिली होती. मी ती धुऊन, घडी करून कपाटात ठेवली होती. तिने ती घेतली, पण गेली नाही.

"तुम्ही मला सांगितलं का नाय?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "आम्हाला वाटलं, तुम्ही तिला घरी न्याल. तिलाही तीच भीती होती."

तिने गोधडी टेबलावर ठेवली. "मी नाय नेली असती. घरात सगळ्यांशी भांडून तिला इकडे मीच आणली ना. थोरला दीर तिचा गाडीच्या आड उभा राहिलेला, नेऊ नको म्हणून. तिला ठाऊक होतं तां. पण घाबरली असंल पोर." मग म्हणाली, "मला सांगितलं असतं, तर मी बोंबलून डॉक्टरला बाहेर काढला असता."

काढला असता. तिच्याकडे बघून माझी त्याबद्दल खात्री पटली.

"आता सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. मुलगा आलाय मुंबईहून. तो रोज विचारतो आणि मला नीट सांगता येत नाय."

मी तिला टेबलाशी खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. एक वाजता काय झालं, मी कुठे होते, दोन वाजता सिस्टर कुठे थांबली, मी तिला कसं थांबवलं, पुन्हा टेबलाशी कसं थांबवलं, साडेचारला ती कशी परत आली, नळीपाशी मी खुद्द सासूलाच काय खोटं सांगितलं. अहवालात नव्हतं ते सगळं. ती ऐकत होती आणि एकेक बोट मिटत होती. संपल्यावर म्हणाली, "आता मी बोलते. चुकलं तर सांगा."

आणि ती बोलली. एक वाजता लघवी लाल. डॉक्टर आत. बाय मोठ्या बाईंकडे. दोन वाजता शिष्टर बोलणार होती, मी समोर बसलेली म्हणून बोलली नाय. बाय म्हणाल्या, पुढची खाट. टेबलाकडे आली, तर बाय म्हणाल्या, टेबलाशी काही नाय. ती गाडीतून उतरून परत आली. साडेचार. मी विचारलं, बाय म्हणाल्या, काही नाय, आजी.

प्रत्येक वाक्याला एक बोट उघडत गेलं.

"चुकलं काय?"

"नाही," मी म्हटलं.

ती गोधडी काखेत मारून उठली आणि लांज्याची गाडी किती वाजता आहे, ते विचारून गेली.

त्यानंतर मी कार्ड बदललं. वरती हाताने, मराठीत, एक ओळ घातली: घरच्यांना काय सांगितलं आहे आणि काय सांगायचं राहिलं आहे. ओव्हर आधी टेबलाशी, चहासकट, मग खाटेशी. आणि खाटेशी जायच्या आधी घरच्या माणसाला बाहेर बोलावून सांगायचं. दुपारच्या सिस्टरने ती ओळ वाचली आणि वॉर्डातल्या सगळ्यांदेखत रडली. मी तिला रडू दिलं. पुढे मी निवृत्त होईपर्यंत तो वॉर्ड तसाच चालला, आणि लोक म्हणायचे की बाईंनी चांगली शिस्त लावली.

सकाळची सिस्टर तेव्हा बदलून गेली होती. एस.टी.ने तीन तासांवर. मी दोनदा स्टँडपर्यंत गेले, कार्डाची एक प्रत पर्समध्ये घालून. दोन्ही वेळा गाडी समोर लागलेली होती. दोन्ही वेळा मी परत आले.